अजून कोणाला काही सांगायचंय?

सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. पाळी सुरू व्हायला अवकाश होता, पण अनुया रणभिसे वॉर्डाच्या मधल्या वाटेने निघाली होती आणि प्रत्येक खाटेपाशी थोडी थांबत होती. पाणी हाताशी आहे का, बेलची दोरी उशाजवळ आहे का, सलाइनच्या पिशवीवर तारीख घातली आहे का. एका आजोबांचा पाय चादरीबाहेर आला होता, तो तिने आत सारला. सी क्लासचा वॉर्ड. एका खोलीत सहा खाटा, एसी नाही, छताला पंखे. आजोबा जागेच होते. 'थँक यू, सिस्टर,' म्हणाले.

मिरजेत असताना ती शिकाऊ होती तेव्हापासूनच सिस्टर होती. तिकडे अंगावर पांढरा गणवेश चढला की कोणीही सिस्टर. सिंगापुरात वॉर्डात सिस्टर एकच असते, सगळ्यांच्या वरची. बाकीच्या नर्सेस पेशंटच्या तोंडी मिसी. पंचविसाव्या वर्षी अनुया इथे आली त्या दिवशी ती सिस्टरची मिसी झाली, आणि पुन्हा सिस्टर व्हायला तिला चौदा वर्षं लागली. आता ती हॉस्पिटलच्या कागदांवर नर्स मॅनेजर आहे. जुने पेशंट आणि जुन्या नर्सेस अजून सिस्टरच म्हणतात. कोणी तसं म्हटलं की तिला बरं वाटतं, आणि हे ती लपवत नाही.

सातला रोल कॉल झाला. जाणारी रात्रपाळी आणि येणारी सकाळपाळी काउंटरसमोर अर्धवर्तुळ करून उभी राहिली. अनुयाने सूचना वाचल्या. हात धुण्याची तपासणी आहे. चार नंबरच्या खोलीतल्या आजी रात्री उठून चालायला लागतात, त्यांच्याकडे लक्ष असू द्या. फार्मसीची ट्रॉली आज उशिरा येईल. मग रोजच्यासारखी मान वर करून तिने विचारलं, 'अजून कोणाला काही सांगायचंय?'

कोणाला काही सांगायचं नव्हतं. ती या वॉर्डाची प्रमुख झाल्यापासून एकाही सकाळी कोणाला काही सांगायचं नव्हतं. अनुया दोन श्वास थांबली, 'थँक यू, एव्हरीवन' म्हणाली आणि अर्धवर्तुळ मोडलं.

हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. हॉस्पिटलच्या नियमात तो नाही. इथे आली त्या पहिल्या वर्षी तिच्या वॉर्डाची सिस्टर ही मोठ्या आवाजाची बाई होती. चूक झाली की पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, झाडूवाल्यासमोर ओरडायची. एकदा अनुयाने लघवी मोजण्याचं भांडं चुकीच्या जागी ठेवलं, तेव्हा त्या बाईने ते तिच्या हातात देऊन संपूर्ण वॉर्डाला एक चक्कर मारायला लावली होती. त्या दिवशी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडताना अनुयाने ठरवलं की आपल्या हाती कधी वॉर्ड आला, तर तिथे कोणी ओरडणार नाही आणि ऐकून घेतल्याशिवाय कोणाचं तोंड बंद केलं जाणार नाही. शब्दाला ती जागली. तिच्या वॉर्डात सहा वर्षांत आवाज चढला नव्हता. नर्सच्या वाढदिवसाला ती स्वतःच्या पैशाने केक आणते. पाळ्यांचा तक्ता लावताना मुस्लिम नर्सेसना ईद, चिनी नर्सेसना नववर्ष, फिलिपिनी नर्सेसना नाताळ, असं जमेल तितकं जमवते. कोणी विचारलं तर ती म्हणायची, आमचा वॉर्ड म्हणजे घर आहे. म्हणताना तिला त्यात काही अतिशयोक्ती वाटायची नाही.

हॉस्पिटलमध्ये दरवर्षी एक पाहणी होते. तीच विधानं वॉर्डप्रमुखांसमोर ठेवतात आणि तीच नर्सेससमोर: इथे मनुष्यबळ पुरेसं आहे, वरिष्ठ ऐकून घेतात, चूक झाली तर न घाबरता बोलता येतं. प्रत्येकापुढे सहमत की असहमत, तेवढं सांगायचं. वाटल्यास खाली दोन ओळी लिहायच्या. नावं कोणाला कळत नाहीत. अनुयाने दुपारच्या चहाबरोबर ती भरून टाकली होती. मनुष्यबळाला तिने असहमत म्हटलं, कारण ती खोटं बोलणारी बाई नाही. बाकी सगळ्याला पूर्ण सहमत.

रोल कॉलनंतर त्याच सकाळी अकरा वाजता मॅडम टिओने तिला वर बोलावलं. मॅडम टिओ म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंगच्या संचालक. साठीला आलेल्या, बारीक अंगाच्या, वाक्य कधी अर्धं न सोडणाऱ्या. सहायक संचालकाची जागा मार्चपासून रिकामी होती आणि तिच्यासाठी अनुयाचं नाव पुढे होतं, हे दोघींना ठाऊक होतं. घरी प्रबोधलाही ठाऊक होतं. अनुयाचा नवरा एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट आहे. त्याने मुलीला, आर्याला, सांगून ठेवलं होतं की आई साहेब झाली की जेवायला बाहेर जायचं. आर्या म्हणाली होती, 'She already boss, lah. आणखी किती?'

मॅडम टिओने आधी पाणी विचारलं. मग सांगितलं की सगळ्याच वॉर्डांत प्रमुखांना जागा जितकी चांगली वाटते तितकी नर्सेसना वाटत नाही. ते जगभर तसंच असतं, त्यात नवल नाही. पण सगळ्यात मोठी दरी अनुयाच्या वॉर्डात होती. चूक झाली तर न घाबरता बोलता येतं, या विधानाला तिच्या जवळपास सगळ्या नर्सेसनी नाही म्हटलं होतं. मनुष्यबळाबद्दल कोणाची फार तक्रार नव्हती. तक्रार होती ती याबद्दल.

'एक वाक्य मला वाचून दाखवायला हवं,' मॅडम टिओ म्हणाल्या आणि चष्मा लावला. 'रोल कॉलच्या शेवटी आम्हाला एक प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर द्यायचं नसतं, हे आम्ही थिरीकडून शिकलो.'

मॅडम टिओने चष्मा काढला. त्या म्हणाल्या की नेमणुकीचा निर्णय त्यांनी पुढच्या महिन्यावर नेला आहे. तोवर वॉर्डात लोक बोलू लागल्याचं काही दिसलं तर बरं. काही म्हणजे काय, हे अनुयाने विचारलं. 'एखादी चूक,' मॅडम टिओ म्हणाल्या. 'कोणीतरी स्वतःहून कळवलेली. तुमच्या वॉर्डातून वर्षभरात एकही आलेली नाही. इतका चांगला वॉर्ड मी पाहिलेला नाही, मिसेस रणभिसे, आणि तुमचाही तितका चांगला नसणार.'

थिरी ही ब्रह्मदेशातली मुलगी. वर्षापूर्वीपर्यंत वॉर्डात होती. तिने एका पेशंटच्या गोळ्या चुकून शेजारच्या पेशंटच्या टेबलावर ठेवल्या होत्या; त्याने त्या तोंडात टाकायच्या आत तिच्याच लक्षात आलं आणि तिने उचलल्या. मग ती आपणहून अनुयाच्या खोलीत आली आणि सांगून मोकळी झाली. अनुयाने तिला खुर्ची दिली, दार लावून घेतलं, शांतपणे सगळं विचारलं आणि त्याच दुपारी वर कळवलं, कारण नियम तसा आहे. पेशंटला इजा झाली नाही तरी कळवायचं. थिरीला औषधांची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ती होईपर्यंत दुसरी नर्स शेजारी उभी असल्याशिवाय तिला गोळीला हात लावायची मुभा नव्हती. पेशंटही विचारायचे, गोळ्या द्यायला या मिसीबरोबर रोज दुसरी मिसी का येते. परीक्षा ती उत्तम पास झाली. करार संपल्यावर आयर्लंडला निघून गेली. अनुयाने तिच्या निरोपालाही केक आणला होता. या सगळ्यात आपण आवाज चढवला नाही, हे तिला आठवत होतं.

लिफ्टने खाली येईपर्यंत तिने ठरवून टाकलं की ते वाक्य जाईने लिहिलं. दुसरं कोणाचं नाव तिच्या डोक्यात आलंच नाही, कारण वॉर्डात तिच्याशी बोलणारी एकटी जाईच होती.

जाई वाघमोडे जतची. मिरजेच्या त्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकलेली, फक्त वीस वर्षांनंतर. अडीच वर्षांपूर्वी वर्क पासवर आली, तेव्हा वुडलँड्समधली खोली अनुयाने शोधून दिली होती, मलेशियाच्या पुलाकडच्या बाजूला, जिथे भाडं जरा परवडतं. पहिला पगार होईपर्यंत पांघरूण, कुकर, छत्री, सगळं रणभिशांच्या घरून गेलं होतं. वॉर्डात ती सिस्टर म्हणायची आणि लिफ्टचं दार बंद झालं की अनुयाताई. सुट्टीच्या रविवारी अनुया आणि प्रबोध चर्चहून आले की ती जेवायला यायची. येताना लिटिल इंडियातून पोहे, कढीपत्ता, कधी खारी आणायची. आर्याला ती मराठीत हाका मारायची आणि आर्या तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची.

आणि जाईची एक चूक होती. मे महिन्यात वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन मॅडम टान होत्या. इथे हे नेहमीचं आहे. म्हणून तर अशा पेशंटच्या उशाशी पिवळी पट्टी लावतात. एका दुपारी जाईने एकीच्या अँटिबायोटिकची पिशवी दुसरीला लावली. मनगटावरच्या पट्टीचा बारकोड पाण्याने पुसट झाला होता, मशीन वाचत नव्हतं, म्हणून नाव विचारून पुढे गेली. मॅडम टान का? हो, मॅडम टान. चाप सोडायच्या आधी पेशंटची मुलगी म्हणाली की डॉक्टरांनी तर कालच ड्रिप बंद केलं. जाईने नळी काढून घेतली. एक थेंबही आत गेला नव्हता.

ती तडक अनुयाच्या खोलीत आली. अनुयाने तिला खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि शांतपणे सगळं विचारलं. इथपर्यंत सगळं थिरीसारखंच झालं. मग तिने मराठीत म्हटलं, 'बरं झालं आधी मला सांगितलंस. आता हे लिहीत बसू नकोस. तुझा करार पुढच्या महिन्यात मुदतवाढीसाठी वर जाणार आहे. काही झालेलं नाही ना? मग झालं.'

जाई म्हणाली होती, 'पण ताई, नियम...'

'नियम मला शिकवू नकोस. जा, तोंड धू.'

यात आपण काही वावगं केलं असं अनुयाला तेव्हा वाटलं नाही. परदेशात आपल्या माणसाने आपल्या माणसाला एवढं करायचं नाही तर कोणी करायचं. करार पुन्हा दोन वर्षांचा झाला. जाईने पेढे आणले आणि अनुयाने ते वॉर्डाच्या पॅन्ट्रीत सगळ्यांना वाटायला लावले.

रविवारी जेवणं झाल्यावर प्रबोध बाहेरच्या खोलीत मॅच लावून बसला. जाई ओट्यापाशी भांडी पुसत होती. अनुयाने आडवळण घेतलं नाही.

'ते थिरीचं तू लिहिलंस का?'

जाईला काही कळलं नाही. अनुयाने ते वाक्य म्हणून दाखवलं. तिचं ते पाठ झालं होतं. मग तिने आणखीही बोलून घेतलं. इतकं केलं तुझ्यासाठी, निदान तोंडावर बोलायचं होतंस. माझी जागा अडली आहे त्या एका ओळीवर. तुला माझ्याबद्दल असं वाटत होतं तर माझ्या घरी जेवायला कशाला येत होतीस.

जाईने हातातलं पातेलं पालथं ठेवलं. फडका पिळून नळावर टाकला. 'मी सगळ्याला पूर्ण सहमत म्हटलं, ताई,' ती म्हणाली. 'मनुष्यबळालासुद्धा. तुमच्यावर काही येऊ नये म्हणून.'

मनुष्यबळाला तर अनुयानेही असहमत म्हटलं होतं.

मग जे इतके महिने सांगायचं राहिलं होतं ते जाईने सांगितलं, आणि तक्रार केल्यासारखं नाही, हवापाणी सांगतात तसं सांगितलं. ती पॅन्ट्रीत गेली की बाकीच्या गप्प होतात. नर्सेसचा एक ग्रुप आहे फोनवर, त्यात ती नाही. दोन मॅडम टानचं सगळ्यांना माहीत आहे. पिशवी काढताना लेटी पलीकडच्या खाटेशीच होती, आणि जाई सिस्टरच्या खोलीत गेली, बाहेर आली आणि पुढे काहीच झालं नाही, हेही सगळ्यांनी पाहिलं. औषध तपासायला दुसरी नर्स लागते तेव्हा कोणी तिच्यासोबत यायला नाही म्हणत नाही, पण कोणी तिच्याकडे बघतही नाही. तिला त्या 'सिस्टर्स पेट' म्हणतात, म्हणजे सिस्टरची लाडकी. आधी इंडियन पेट म्हणायच्या, पण मग दोन मल्याळी नर्सेसना राग आला.

'मला ते लिहू द्या, ताई,' ती म्हणाली. 'आता लिहिते. उशिरा तर उशिरा.'

अनुयाने लगेच नाही म्हटलं. आता लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, तेव्हाच का नाही लिहिलं. आणि त्याचं उत्तर एकच आहे. वॉर्डप्रमुखाने लपवलं. मग सहायक संचालकाची जागा तर सोडाच, आहे ती तरी राहील का. हे सगळं ती स्पष्ट बोलली नाही. एवढंच म्हणाली की झाकली मूठ आहे, ती झाकलेलीच बरी. जाई पिशवी उचलून निघाली. बाहेरच्या खोलीतून प्रबोधने विचारलं, 'काय गं, चहा न घेताच?' ती म्हणाली, उद्या सकाळपाळी आहे, दादा.

सोमवारी अनुयाने लेटीला गाठलं. लेटी म्हणजे लेटिशिया, मनिलाजवळची, पन्नाशीची. अनुया स्टाफ नर्स होती तेव्हापासून लेटी याच वॉर्डात आहे आणि स्टाफ नर्सच राहिली आहे. वरची परीक्षा तिने कधी दिलीच नाही. दोघी एके काळी एका थर्मासमधली कॉफी प्यायच्या. औषधाच्या खोलीत दोघीच होत्या. ते वाक्य कोणी लिहिलं, असं अनुयाने सरळच विचारलं.

लेटी इंजेक्शनच्या बाटल्यांवरच्या तारखा बघत होती. तिने बघणं थांबवलं नाही. म्हणाली, 'कोणी लिहिलं ते विचारू नका, सिस्टर. कोणी लिहिलं नाही ते विचारा. ते सोपं आहे, एकच नाव आहे.'

अनुया म्हणाली की थिरीच्या वेळी तिने नियमाप्रमाणे केलं.

'हो.'

'मी तिच्यावर ओरडले नाही.'

'नाही. तुम्ही ओरडत नाही.' लेटीने एक बाटली बाजूला काढली, तारीख उलटली होती. 'त्या जुन्या सिस्टर ओरडायच्या तेव्हा निदान सगळ्यांवर ओरडायच्या. थिरीला नियम मिळाला, जाईला तुम्ही मिळालात. आम्ही बाकीच्यांनी मोजून पाहिलं, आम्हाला काय मिळेल.'

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अनुयाला काही बोलता आलं असतं. तिने फक्त म्हटलं की तू मला हे रोल कॉलला का नाही सांगितलंस. मी रोज विचारते. लेटीने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि ती हसली, वाईट नाही, दमलेलं. मग ट्रॉली ढकलत बाहेर गेली.

गुरुवारी दुपारी अनुयाच्या संगणकावर एक नवी नोंद येऊन बसली. वॉर्डातून कोणी चूक कळवली की ती आधी प्रमुखाकडे येते. प्रमुखाने वाचून, आपलं मत घालून वर पाठवायची. नोंद जाईची होती. दोन मॅडम टान, पुसट बारकोड, पिशवी, पेशंटची मुलगी, सगळं तारीखवार होतं. कुठे रडगाणं नाही. शेवटी एक रकाना असतो: वरिष्ठांना केव्हा कळवलं. तिथे जाईने लिहिलं होतं की तिने त्या वेळी कोणालाच कळवलं नाही, करार जाईल या भीतीने लपवून ठेवलं, ही तिची एकटीची चूक आहे.

अनुयाने ते दोनदा वाचलं. बाहेर कोणाची तरी बेल वाजत होती आणि कोणीतरी पळत गेलं.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला स्वच्छ दिसत होत्या. त्या रकान्याखाली तिच्या मताची जागा होती. तिथे एक वाक्य लिहायचं होतं: या नर्सने मला त्याच दुपारी सांगितलं होतं, मी लिहू नको म्हटलं. एवढ्याने जाईवरचं अर्धं ओझं उतरलं असतं, वॉर्डातल्या बाकीच्यांना जे माहीतच होतं ते कागदावर आलं असतं, आणि वरच्या मजल्यावरची खुर्ची गेली असती. तिने ते वाक्य लिहिलंही. इंग्रजीत, नीट. मग वीस वर्षांपूर्वीचं ते लघवीचं भांडं तिला आठवलं, ते हातात धरून चालताना वॉर्डातल्या लोकांनी जसं पाहिलं होतं ते आठवलं, आणि तिने ते वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं: नर्सला समज दिली. उशिरा कळवल्याबद्दल लेखी ताकीद द्यावी अशी शिफारस. औषधांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

थिरीला दिलं तेच. आता पक्षपात केला असं कोणी म्हणू शकणार नव्हतं.

नियमाप्रमाणे समज देणं भाग होतं. जाई खोलीत आली. अनुयाने खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. मग अनुया मराठीत म्हणाली, 'असं कशाला लिहिलंस?'

'तुमची जागा अडली होती ना,' जाई इंग्रजीत म्हणाली.

अनुयाने तिला समजावून सांगितलं की ताकीद वर्षभरात फाइलमधून निघून जाते, परीक्षा काही अवघड नाही, थिरीही पास झाली होती. जाई ऐकत होती. वॉर्ड बदलून हवाय, एवढंच तिने मागितलं. अनुयाने मान डोलावली. बाहेर पडताना जाईने दार आपल्या मागे ओढून घेतलं नाही, उघडंच ठेवलं. काउंटरवरून लेटीने एकदा त्या दाराकडे पाहिलं आणि फोन उचलला.

मॅडम टिओ खूश झाल्या. खूश म्हणजे त्यांनी एका ओळीचा मेल केला: हीच सुरुवात असते. त्यांनी अनुयाला विचारलं की ही घटना, नाव न घेता, रोल कॉलला सर्वांना सांगता येईल का. चुकीतून शिकण्याचं उदाहरण म्हणून. अनुयाने ती सांगितली. अर्धवर्तुळात सगळ्या उभ्या होत्या, जाईही. दोन सारख्या नावांचे पेशंट, बारकोड पुसट, नर्सने तेव्हा कळवलं नाही. 'तेव्हाच कळवलं असतं तर ताकीद मिळाली नसती,' अनुया म्हणाली. 'इथे कोणाला दोष देत नाहीत.' सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं काय ते त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे अनुयाला माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी. मग तिने विचारलं, अजून कोणाला काही सांगायचंय?

या वेळी तिने दोन श्वास वाट पाहिली नाही.

नेमणुकीचं पत्र महिनाअखेरीस आलं. नव्या वर्षापासून सहायक संचालक. तोवर वॉर्ड तिच्याकडेच. प्रबोध सगळ्यांना बेडोकला जेवायला घेऊन गेला, त्याला तिथल्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारातला, खेकडा आवडतो. आर्याने विचारलं, जाईताई का नाही आली. अनुया म्हणाली, ड्यूटी असेल. आर्या म्हणाली, 'You do the roster what.' प्रबोध खेकडा फोडत होता, त्याने मान वर केली नाही.

काल दुपारी पाळी सुटताना लिफ्टमध्ये दोघी एकत्र आल्या. तिसरं कोणी नव्हतं. दार बंद झालं. अनुया म्हणाली, 'या रविवारी ये जेवायला. कोंबडी करते, जतसारखी, झणझणीत.'

'रविवारी ड्यूटी आहे, सिस्टर,' जाई म्हणाली.

तळमजला आला. जाईने दाराचं बटण दाबून धरलं आणि वरिष्ठांना आधी बाहेर पडू दिलं. दोन आठवड्यांचा पाळ्यांचा तक्ता अनुयानेच लावला होता, जाईच्या बदलीसकट. रविवारी तिला सुट्टी आहे.

उद्याचा रोल कॉल सात वाजता आहे. सूचना तीन आहेत: लिनन दहाला येईल, सहा नंबरच्या खोलीतला पंखा दुरुस्तीला जाणार आहे, आणि जाई वाघमोडे उद्यापासून आठव्या मजल्यावरच्या वॉर्डात सकाळपाळीला आहे, पहिले दोन आठवडे औषध देताना तिच्याशेजारी दुसरी नर्स उभी राहील.